मागं बघणारं बदक

११ जानेवारी, शुक्रवार

नशवानं बदकच घेतलं!

गाईडच्या परवान्याच्या तोंडी परीक्षेत प्रत्येकाला आपल्या आवडीच्या एकाच गोष्टीवर दहा मिनिटं बोलायचं असतं. मूर्ती, खांब, भिंत — काहीही चालतं. मी कर्नाकचे खांब सुचवले. नको. हत्शेपसुतचं देऊळ सुचवलं. तेही नको. म्हणे, "बाबा, खांबांवर सगळेच बोलतात. बदक आपलं आहे."

आपलं आहे. यात तिचं काहीच चुकलं नाही.

अर्ज पाठवूनही झाला. आता विषय बदलता येत नाही. परीक्षा १८ फेब्रुवारीला, कैरोत.

जेवण गेलं नाही. बायकोनं, इन्साफनं, विचारलं, "पोट बिघडलंय का?" हो म्हणालो. तिनं लगेच पुदिन्याचा चहा केला. तो प्यावा लागला.

१२ जानेवारी

इथं लिहायला कसली भीती? ही वही इन्साफ उघडत नाही. तिला माझं अक्षर लागत नाही. तर —

बदकाची गोष्ट खोटी आहे. मी रचलेली आहे.

बदक खरं आहे. नदीपलीकडच्या 'मेदिनेत हाबू' या देवळात, दुसऱ्या अंगणातल्या खांबावर, गुडघ्याएवढ्या उंचीवर. ओळीतले सगळे पक्षी उजवीकडे बघतात, हे एकटं डावीकडे. का, ते कुणालाही माहीत नाही. कारागिराची चूक असणार. मोठ्या कामात अशा चुका होतात, आणि तीन हजार वर्षांत कुणी त्याकडे ढुंकून बघितलं नाही. मी बघितलं.

मी पाहुण्यांना सांगतो ते असं: कोरणाऱ्याचं नाव हुय. सकाळी घरून निघाला तेव्हा बायकोला कळा सुरू झाल्या होत्या. जुन्या लिपीत बदक म्हणजे 'मुलगा'. हुय ते बदक कोरायला बसला आणि मन घराकडे लागलेलं, त्यामुळं बदकाचं तोंडही घराकडे वळलं. संध्याकाळी मुकादमानं चूक पाहिली, काठी उचलली. तेवढ्यात निरोप आला — मुलगा झाला! मुकादमानं काठी खाली ठेवली. म्हणाला, "राहू दे. आजची चूक माफ."

मी इथं थांबतो. पाहुणे रुमाल काढतात. जर्मनसुद्धा.

हुय हे नाव का? आखूड आहे म्हणून. पहिल्यांदा सांगितली तेव्हा तिघं लिहून घेत होते. लांब नाव दिलं असतं तर अक्षरं विचारत बसले असते.

बावीस वर्षं सांगतोय. पहिल्यांदा कशी सुचली ते आज लिहीत नाही.

१५ जानेवारी

धक्क्यावर बुत्रुस भेटला. माझ्याबरोबरच परवाना मिळालेला, तेव्हापासून एकत्र चहा पितो. सहज विचारलं, "तू बदक दाखवतोस का रे?"

"म्हणजे काय! जुळ्यांची गोष्ट ना?"

"जुळी?"

"हुयला जुळी झाली. म्हणून तर मुकादमानं दोन दिवस सुट्टी दिली. तुला हे माहीत नाही? काय गाईड आहेस!"

मी म्हणालो, वाचायचं राहिलं असेल.

२० जानेवारी

नशवानं आज आम्हा दोघांसमोर उभं राहून सराव केला. हातात घड्याळ. दहा मिनिटांत बरोबर संपवलं. माझ्यापेक्षा चांगलं सांगते. काठी खाली ठेवताना हात असा सावकाश नेते की इन्साफच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही गलबलून आलं. स्वतःच्याच थापेवर.

मग म्हणाली, "आणि बाबा, परीक्षा मंडळावर आमचे डॉ. मुख्तार आहेत! त्यांना मी कॉलेजात दुसऱ्या वर्षी हे सांगितलं होतं ना, तेव्हापासून ते वर्गात शिकवतात. चार वर्गांना शिकवून झालं. मला तर पैकीच्या पैकी!"

इन्साफ म्हणाली, "बघ, बापाचं ज्ञान कुठवर पोचलं."

२४ जानेवारी, गुरुवार

अंगातला जीव गेलाय, तरी लिहितो.

आजची सहल एकाच पाहुणीची. पूर्ण दिवस, खाजगी गाडी. बेल्जियमच्या व्हर्लिंडेनबाई. वय सत्तर. चाळीस वर्षं कोर्टात साक्षी लिहून घ्यायचं काम केलं, असं गाडीत बसल्या बसल्या सांगितलं. हातात चौकटीची वही. प्रत्येक पानावर दोन रकाने. डावीकडे मी काय म्हणालो. उजवीकडे — पुरावा.

ड्रायव्हर नूबीनं मला आरशातून बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

राजांच्या खोऱ्यात थडग्यांच्या आत आम्हाला बोलायला मनाई आहे. म्हणून बाहेर बाकावर बसून चित्रं दाखवायची, सगळं समजावायचं, मग पाहुण्याला एकटं आत सोडायचं. बाई आत गेल्या. वीस मिनिटांनी बाहेर आल्या. म्हणाल्या, "तुमच्या चित्रात तिसऱ्या रांगेत सात माणसं आहेत. आत आठ आहेत."

मोजली म्हणे. दोनदा.

हत्शेपसुतच्या पायऱ्यांवर एकदाच धाप लागली, ती मला. तिथून निघालो तर नूबीची गाडी दगडी वस्तूंच्या दुकानाशी आपोआप हळू झाली. गाडीला सवय आहे. बाई म्हणाल्या, "हा थांबा कागदावर नाही." नूबी म्हणाला, "मादाम, फक्त बघायला!" त्या म्हणाल्या, "मी आता कागदच बघतेय." पुढे दहा मिनिटं नूबी बोलला नाही. असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मेम्ननच्या दोन पुतळ्यांशी मी नेहमीचं सांगितलं — यातला एक पूर्वी पहाटे गायचा.

"तुम्ही ऐकलंय?"

"नाही, बाई."

"मग कुणी ऐकलं?"

"रोमहून आलेल्या पाहुण्यांनी. त्याच्या पायावर कोरून ठेवलंय, नावानिशी, तारखेनिशी."

बाईंनी उजव्या रकान्यात ठळक बरोबरची खूण केली आणि माझ्याकडे बघून चक्क हसल्या. मला शाळेत असल्यासारखा आनंद झाला. लाज वाटायला हवी या वयात.

शेवटी मेदिनेत हाबू. मी ठरवलं होतं, आज बदक नाही. खांबाशी पाठ करून उभा राहिलो आणि छताचा रंग दाखवायला लागलो. बाई खाली बघत होत्या. "हे एक उलटं का आहे?"

आता काय करणार? सांगितली. मन लावून नाही, पण सांगितली. बाईंनी डावा रकाना सगळा भरला. रुमाल काढला नाही. पेन उजवीकडे नेलं.

"पुरावा?"

"आमच्या गाईड लोकांत पूर्वीपासून सांगतात."

"पूर्वीपासून म्हणजे कधीपासून? तुम्हाला कुणी सांगितली?"

कबुतरं घुमत होती. बाई घाई करत नाहीत. कोर्टात हेच करत असणार.

मग त्यांनी वेगळंच विचारलं. "हुयच्या बायकोचं नाव काय?"

इन्साफ! अगदी ओठांवर आलं होतं. कसंबसं गिळलं. म्हणालो, माहीत नाही. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि उजव्या रकान्यात लिहिलं. मी डोकावून वाचलं. 'पुरावा: रिफअत, गाईड.' खाली रेघ ओढली.

हॉटेलच्या दाराशी हात मिळवला. "साक्षीदार चांगले आहात," म्हणाल्या, "तुम्ही स्वतः तिथं होता असं वाटतं." आणि आत गेल्या.

नूबी म्हणाला, "उस्ताद, असल्या बाईला दोन गाईड द्यायला पाहिजेत. एक बोलायला, एक रडायला."

२६ जानेवारी

नशवाला सांगायचं ठरवलं. जेवताना सांगणार होतो. तिनं विचारलं, "बाबा, हुयचं घर नक्की कुठल्या गल्लीत असेल?" मी म्हणालो, "लोणचं दे."

२९ जानेवारी

आज सांगणार होतो. तिला सर्दी झालीय.

१ फेब्रुवारी

आज शुक्रवार. शुक्रवारी असलं सांगू नये.

३ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं.

सकाळी ती म्हणाली, "चल ना, बदकाचं माप घेऊन येऊ. मंडळानं विचारलं तर?" दोघं होडीनं पलीकडे गेलो, तिथून गाडीनं देवळात. तिनं गुडघ्यावर बसून टेप लावली. अकरा सेंटिमीटर. उंची, रुंदी, खोली, सगळं लिहून घेतलं. माझी पोर माझी थाप मोजत होती, आणि मी टेपचं दुसरं टोक धरून उभा होतो.

परतीच्या होडीत, मधल्या पाण्यात, मी म्हणालो, "नशवा, हुय नव्हता."

"म्हणजे? दुसरं नाव होतं का?"

"नाव नव्हतं. माणूसच नव्हता. ती गोष्ट मी बनवली."

ती हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबली. शेजारी एक बाई कोंबड्या घेऊन बसली होती, तीही थांबली.

"कधीपासून सांगतोस?"

"तुझं वय किती?"

"बावीस."

"तेवढीच वर्षं."

मग सगळंच सांगितलं. ४ नोव्हेंबर १९९६. सकाळी इन्साफला कळा सुरू झाल्या. तिची आई म्हणाली, तू जा कामाला, पुरुषांचं इथं काही काम नाही. तेव्हा पूल नव्हता, खिशात फोन नव्हता. तीन फ्रेंच पाहुणे घेऊन मी देवळांच्या काठाला, बायको घरच्या काठाला दवाखान्यात. दिवसभर काय बोललो ते आठवत नाही. मेदिनेत हाबूत मी मान वळवून वळवून नदीच्या दिशेला बघत होतो, आणि एका पाहुण्यानं विचारलं, हे बदक उलटं का? माझ्या मनात जे होतं तेच तोंडातून आलं. मुलगा म्हणालो, कारण बदकाचा अर्थ मुलगा. आणि तू झालेली आहेस हे मला कुठं माहीत होतं?

"मग कधी कळलं?"

"काठावर तर निरोप घेऊन कुणीच नव्हतं. दवाखान्यात पोचलो तेव्हा तू झोपली होतीस. तुझी आजी म्हणाली, हात धुऊन ये."

होडी लागली. कोंबड्यांची बाई उतरताना मला म्हणाली, "पोरीला परीक्षेआधी सांगायचं असतं होय असलं?"

नशवा पुढं चालत गेली. घरी आल्यावर दार लावून घेतलं.

४ फेब्रुवारी

बोलत नाही.

५ फेब्रुवारी

बोलली. "मीठ द्या." 'द्या' म्हणाली. काल-परवापर्यंत 'दे ना बाबा' असायचं.

८ फेब्रुवारी

इन्साफला सगळं कळलं. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. ती मोलोखियाची पालेभाजी निवडत बसली. मग म्हणाली, "म्हणजे ती गोष्ट माझी आहे?"

"हो."

"आणि बावीस वर्षं परक्या बायांना सांगतोस. मला एकदाही नाही."

मी तिच्यापुढची अर्धी भाजी ओढून निवडायला लागलो.

१६ फेब्रुवारी

नशवा सकाळच्या गाडीनं कैरोला गेली. बरोबर तिची ती टेप; मावशीकडे द्यायच्या, उन्हात फुगवलेल्या शम्सी भाकऱ्या माझ्या हातातल्या पिशवीत.

स्टेशनवर मी म्हणालो, "हे बघ, पाठ केलंय तेच म्हण. डॉ. मुख्तार स्वतः शिकवतात ते. त्यांच्याच तोंडावर खोटं म्हटलंस तर नापास करतील. पुढची परीक्षा वर्षानं. माझ्या चुकीपायी तुझं वर्ष नको. म्हणून टाक आणि पास हो. नंतर आयुष्यात पुन्हा सांगू नकोस."

ती म्हणाली, "लहानपणी मी एकदा म्हणाले, वही हरवली. आठवतं? हरवली नव्हती. तुम्ही मला शाळेच्या बाईंच्या घरी नेऊन कबूल करायला लावलं होतं."

"ती वेगळी गोष्ट."

"हो. ती खरी होती."

गाडी सुटली. मी पिशवी हातात तशीच धरून उभा. भाकऱ्या द्यायच्या राहिल्या.

१८ फेब्रुवारी, सोमवार

अकराला परीक्षा. आता दोन वाजलेत. फोन नाही.

त्याच दिवशी, पुन्हा

चार. नाही.

१९ फेब्रुवारी

आली. थकलीय. बॅग खाली न ठेवताच सांगायला लागली, म्हणून जसं आठवतं तसं लिहून ठेवतो.

मंडळात पाच जण. मध्ये डॉ. मुख्तार, खुशीत. शेजाऱ्यांना म्हणाले, "आता ऐका हं, हे ऐकण्यासारखं आहे!" पोरीनं गोष्ट सांगायला घेतली. सगळी सांगितली, काठीपर्यंत. डॉक्टरसाहेब मान डोलावतायत. मग ती म्हणाली, "सात मिनिटं झाली. उरलेल्या तीन मिनिटांत सांगते की यातलं बदक सोडून काहीच खरं नाही."

मी खाली बसलो.

डॉ. मुख्तार लालबुंद. "कोण म्हणतं?"

"ज्यानं बनवली तो."

"कोण तो?"

"रिफअत गाईड, लक्सर. परवाना सत्तावीस वर्षांचा. पुरावा तोच."

"तुमचा कोण?"

"बाप."

नाव सांगितलं! परवान्यासकट! मी म्हणालो, "अगं, नाव कशाला?" ती म्हणाली, "पुरावा विचारला तर पुरावा द्यायचा." मला एकदम व्हर्लिंडेनबाई आठवल्या. पोरीची आणि त्यांची गाठ घालून द्यायला हवी होती.

मग टोकाला बसलेल्या वयस्क बाईंनी विचारलं, "पहिल्यांदा सांगितली तो दिवस माहीत आहे?" नशवानं तारीख सांगितली. बाईंनी समोरचा अर्ज उचलला. अर्जावर जन्मतारीख असते. त्यांनी तो शेजारच्याला दिला, त्यानं त्याच्या शेजारच्याला. शेवटी डॉ. मुख्तारांकडे आला. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत वाचलं.

म्हणाले, "जा तुम्ही."

एवढंच. पास की नापास, कुणास ठाऊक.

बॅग ठेवून ती आत गेली, आणि आतूनच ओरडली, "बाबा, मावशी भाकऱ्यांवरून चिडलीय हं! तू सांभाळ तिला."

'तू' म्हणाली. हे मी इन्साफला दोनदा सांगितलं.

१० मार्च

दोन पत्रं एकाच दिवशी, एकाच शिक्क्याची.

नशवाला परवाना मंजूर.

मला नोटीस. 'पुराव्याविना माहिती दिल्याबद्दल' ओळखपत्र ३० एप्रिलपर्यंत जमा करावे आणि तीन दिवसांच्या वर्गाला हजर राहावे.

इन्साफनं दोन्ही पत्रं एकाच फळीवर ठेवली, काचेच्या भांड्याला टेकवून. येणाऱ्या-जाणाऱ्याला दोन्ही दाखवते.

२ एप्रिल

वर्ग संपला. एकोणीस गाईड. पुढच्या रांगेत बुत्रुस! त्यालाही नोटीस — जुळ्यांबद्दल. माझ्याकडे रागानं बघून म्हणाला, "तू बनवलीस आणि मला सांगितलंही नाहीस? मी तर बायकोलासुद्धा खरी म्हणून सांगितली होती!"

शिकवणारा पोरगेला होता. म्हणाला, "जे माहीत नाही त्याला 'माहीत नाही' म्हणा. पाहुणे तुमचा मान ठेवतील." एकोणीस जणांनी वहीत लिहून घेतलं. कुणाचाच विश्वास बसला नव्हता.

१४ एप्रिल, रविवार

आज नशवाची पहिली खाजगी सहल. लियाँचं जोडपं. नूबीचीच गाडी.

मी जाणार नव्हतो.

मेदिनेत हाबूच्या दाराशी रखवालदार म्हणाला, "उस्ताद, कार्ड?" कार्ड जमा आहे. तिकीट काढलं. आयुष्यात पहिल्यांदा. दुसऱ्या अंगणात एका खांबामागं उभा राहिलो, बुटाची नाडी बांधत. नाडी बराच वेळ बांधली.

ती बदकाशी आली. स्वच्छ सांगितलं, "हे उलटं का आहे, ते कुणालाही माहीत नाही." मला बरं वाटलं. थोडं वाईटही वाटलं.

लियाँची बाई म्हणाली, "पण काहीतरी गोष्ट असेलच ना?"

कबुतरं घुमत होती. मग नशवा म्हणाली, "आहे. पण ती या बदकाची नाही. इथं एक गाईड उभा होता. बायको नदीपलीकडे, बाळंतपणाला. पूल नाही, फोन नाही. तो सारखा मान वळवून नदीकडे बघत होता, या बदकासारखा. आणि दुपारी पलीकडच्या काठावर, दवाखान्याच्या गच्चीवर चढून त्याच्या सासूनं पांढरी चादर हलवली — मुलगी झाली! इथूनच दिसली त्याला."

बाईनं रुमाल काढला. नवऱ्यानंही.

इथून नदी दिसत नाही. दवाखान्याला गच्ची नव्हती. सासूबाईंना गुडघ्यामुळं जिना चढता येत नव्हता, आणि मला त्यांनी हात धुऊन यायला सांगितलं होतं.

पण चादर. चादर मला सुचायला हवी होती.